रहीमचाचांच्या हाताची केस

वकिलाच्या ऑफिसात केस आली की तिची वाटणी ठरलेली असते. कागद कोर्टाकडे जातात, नाव वकिलाचं होतं आणि कारकुनाच्या वाट्याला उरतात ते किस्से! शहाद्याला अण्णा वकिलांच्या ऑफिसात मी तेवीस वर्षं खर्डेघाशी केली. अण्णांच्या कपाटात फायली मावेनात तसे माझ्या डोक्यात किस्से मावेनात.

परवा गल्लीतला एकजण पायाला फळी बांधून माझ्या ओट्यावर आला. नावेतून उतरताना पडला होता. म्हणाला, "तात्या, आते काय करानं?" मी त्याला फटाफट सांगितलं : आधी पंचनामा बघ, डॉक्टरचा कागद घे, न वाचता कुठल्या कागदावर अंगठा देऊ नकोस आणि वर्ष उलटू देऊ नकोस. त्याला वाटलं, तात्यांचा कायद्याचा अभ्यास दांडगा! अभ्यास कसला? हे सगळं मला एकाच माणसाच्या एकाच हाताने शिकवलं. आणि त्यातलं निम्मं मी स्वतः माती खाऊन शिकलो.

हात रहीमचाचा पिंजारींचा. राहणार रनाळ्याचे. दिवाळी झाली की कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घ्यायची, तापी ओलांडायची आणि ब्राह्मणपुरीच्या बाजूला गावोगाव गाद्या-रजया पिंजत होळीपर्यंत फिरायचं, हा त्यांचा नेम. डाव्या हातात धनुकली, उजव्या हातात लाकडी मोगरी. मोगरी धनुकलीच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, बसली की कापूस असा उडायचा की ओट्यावरची म्हातारी माणसंसुद्धा बघत उभी राहायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. घाटावरच्या नावेत त्या दिवशी कापसाच्या गोण्या, दोन बैल आणि मोजता येणार नाहीत इतकी माणसं कोंबली होती. नावाडी झिपरू भोई "बस झालं" म्हणत होता आणि काठावरून ठेकेदार "अजून दोन बसतील" म्हणत होता. शहाद्याच्या बाजूला नाव टेकता टेकता एक बैल बिथरला, नाव कलली, आणि काठाचा दगड व नावेची कड यांच्यामध्ये चाचांचा उजवा पंजा सापडला.

माणूस एकही दगावला नाही. गेला तो फक्त हात!

* * *

पहिला धक्का पंचनाम्याने दिला. आठ दिवसांनी चाचा ऑफिसात आले, तेव्हा अण्णांनी मला पंचनाम्याची नक्कल आणायला पाठवलं. मी चौकीच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच वाचायला लागलो.

"नाव लाकडी, सुस्थितीत. डाव्या बाजूची एक फळी दोन बोटे उचकटलेली. बैल एक, रंग पांढरा, शिंगे आत वळलेली, मागील उजव्या पायास चार बोटे खरचटले असून हळद लावली आहे. कापसाच्या गोण्या तीन, भिजलेल्या."

पान उलटलं. शेवटच्या ओळीत, पंचांच्या सह्यांना जेमतेम जागा ठेवून, लिहिलं होतं : "शिवाय एक इसम."

बस्स! इसमाचं नाव नाही, गाव नाही, हात नाही! बैलाची शिंगं कुठे वळली ते लिहिलंय आणि माणसाचा पंजा चेंदला त्याला शाई पुरली नाही. माझं डोकं असं सणकलं की नक्कल चुरगाळून टाकावी वाटली.

अण्णांनी नक्कल शांतपणे वाचली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि मला घेऊन थेट चौकीवर गेले. हवालदाराला म्हणाले, "हवालदार, मी चुकून रहीमचाचांचं वकीलपत्र घेतलं. बैलाचं घ्यायचं राहिलंच! बैलाचा पत्ता द्या."

हवालदाराने पुरवणी जबाब घेतला. पण "माणूस मेला नाही, मग एवढा बोभाटा कशाला?" हे पुटपुटल्याशिवाय काही घेतला नाही.

* * *

मग डॉक्टर. दवाखान्यातून सर्टिफिकेट आलं त्यात "किरकोळ दुखापत" असं होतं. कायद्यात दुखापत किरकोळ की जबर, यावर केसचा अर्धा जीव असतो. आम्ही चाचांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो.

डॉक्टर भले गृहस्थ होते, पण घाईत होते. त्यांनी चष्म्यातून चाचांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, किरकोळच आहे. पाच बोटं होती, पाच आहेत. मोजून घ्या!"

अण्णा काही बोलणार, तेवढ्यात चाचांनीच तो वाकडा झालेला पंजा टेबलावर ठेवला. अदबीने म्हणाले, "डाक्टरसायेब, बोटं पाची शेतस. पन आते त्या मन्हं ऐकतस नही."

डॉक्टरांनी आपलं पेन चाचांच्या मुठीत ठेवून बघितलं. पेन घरंगळून खाली पडलं. दुसऱ्यांदा ठेवलं, दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतःच उचललं आणि नवीन कागद घेऊन "हाड मोडले आहे, पकड कायमची गेली" असं सर्टिफिकेट लिहून दिलं. आधीच नीट बघितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी आजतागायत त्यांना मनातल्या मनात विचारतो.

* * *

दाव्याच्या वकीलपत्रावर अंगठा घ्यायला मी रनाळ्याला चाचांच्या घरी गेलो होतो. नुकताच अंगठा घेऊन मी कागद फुंकत बसलो होतो, तोच दारात ठेकेदाराचा मुनीम उभा! डोक्यावर ज्वारीचं अर्धं पोतं घेतलेला गडी मागे, आणि मुनिमाच्या हातात घडी केलेला कागद.

मुनीम गोड गोड बोलायला लागला. "चाचा, शेटनी ज्वारी धाडेल शे. हाऊ एक कागद शे, अंगठा दे. बठ्ठं मिटी जाई."

मी कागद मागून घेतला आणि वाचला. "मी नशापाणी करून, मनाई केली असता पाण्यात उतरलो व माझ्या निष्काळजीपणाने पडलो." नशापाणी! चाचा जन्मात कधी विडीला शिवले नव्हते. मी तो कागद फाडायलाच निघालो होतो.

चाचांनी मला हाताने थांबवलं आणि मुनिमाला म्हणाले, "अंगठा? उजवा तुम्हना घाटवर गया. डावा आत्तेच वकीलना कागदवर दिधा. आते तिसरा मी कोठून लई येऊ?"

मुनीम निघाला. चाचांनी ज्वारीचं पोतंही परत गड्याच्या डोक्यावर चढवायला लावलं. घरात त्या दिवशी चूल पेटली होती की नाही, देव जाणे.

चाचा मला वेशीपर्यंत सोडायला आले, तेव्हा वाटेत मी त्यांना विचारलं, "चाचा, खरं सांगा, तुम्हाला काय हवंय?" ते म्हणाले, "भाऊ, भरपाई मियनी तं बरंच. पन मन्हा हात त्यानी नावमा गया, इतलं त्यानी आपला तोंडघाई कबूल कराले पायजे. नही तं लोकं सांगतीन, रहीम खोटा शे." आता मला ती केस जिंकायचीच होती.

* * *

नोटिसा गेल्या. एक ठेकेदाराला, एक ज्या कचेरीने त्याला घाटाचा ठेका दिला होता तिला. उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती!

ठेकेदाराने लिहिलं, नाव चालवतो नावाडी, त्याला विचारा. कचेरीने लिहिलं, ठेका दिल्यावर जबाबदारी ठेकेदाराची. शिवाय कचेरीतल्या कुणा हुशार माणसाने खाली एक कलम जोडलं होतं : नदीच्या दोन काठांना दोन तालुके आहेत, सबब अपघातसमयी नाव कोणत्या तालुक्यात होती याचा आधी खुलासा करावा.

अण्णांनी मला घाटावर पाठवलं. मी दोरी घेऊन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या दगडापासून काठापर्यंतचं अंतर मोजून आलो. पूर्ण साडेतीन हात शहाद्याच्या बाजूला! तसं आम्ही कळवलं.

कचेरीचं उत्तर आलं : "मोजणी पावसाळ्यापूर्वीची की नंतरची?"

अण्णांनी तो कागद माझ्याकडे भिरकावला. "गोविंदा, आता नोटीस तापीवरच बजाव! दोन तालुक्यांतून वाहण्याचं कारण तिनेच दाखल करावं!"

* * *

केस लावायची तर कोर्ट फी. चाचांकडे ती नव्हती, म्हणून नादारीत दावा करायची परवानगी मागितली. नादारीचा अर्ज म्हणजे गरिबाने आपण गरीब असल्याचं कोर्टात सिद्ध करायचं. श्रीमंताला आपण श्रीमंत असल्याचं कधी सिद्ध करावं लागत नाही, हे लक्षात घ्या!

ठेकेदाराचा वकील मोठा फर्डा. उठून म्हणाला, "महाराज, अर्जदार नादार नाही. त्याच्याकडे चांगल्या स्थितीतली धनुकली आहे. ती विकून त्याने फी भरावी."

मला खुर्चीवर बसवेना. ज्या हाताने ती धनुकली चालायची तो हात यांनी घालवला, आणि आता धनुकलीही विका म्हणे! पण कारकुनाने कोर्टात बोलायचं नसतं. मी शाईची बाटली घट्ट धरून बसलो.

दुसऱ्या तारखेला जज्जसाहेबांनी धनुकली बघायला मागवली. चाचांनी ती आणली, समोरच्या वकिलापुढे धरली आणि मोगरीही पुढे केली. "वकीलसायेब, तुम्हीच लई टाका. पन इकत लेतस तं पहिले वाजाडी दखा."

वकिलाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने खरंच मोगरी हाणली! तात अशी झणाणली की खिडकीतली कबुतरं उडाली, वकिलाची पगडी तिरपी झाली आणि मोगरी त्याच्याच गुडघ्यावर बसली. तो तिथेच "आई गं" म्हणून वाकला.

जज्जसाहेबांनी नादारी मंजूर केली. वकिलाच्या गुडघ्याला मात्र कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

* * *

आता माझी करणी. हा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण गाळला तर बाकीचे सांगायचा मला हक्क नाही.

ठेकेदाराने दाव्याला उत्तर म्हणून कैफियत दिली : "रहीम पिंजारी आमच्या नावेचा उतारूच नव्हता. तो आमच्या नावेत कधी बसलाच नाही. त्याचा हात कुठे मोडला, आम्हांस ठाऊक नाही." आणि सोबत उतराईची, म्हणजे नावेच्या भाड्याची, वही दाखल केली. त्या दिवशीच्या पानावर चाचांचं नाव नव्हतं. आधीच्या पानांवरही नव्हतं.

अण्णांनी आमचा दावा काढला. तिथे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : "वादी रीतसर उतराई रोख भरून नावेत बसला."

मी हे चाचांना विचारून लिहिलं नव्हतं! नावेत बसलेला माणूस भाडं भरतो, एवढंच मला ठाऊक. मी नाशिकहून आलेला. सगळ्या दाव्यांत लिहितात तसं मीही ठोकून दिलं.

चाचांना बोलावलं. ते चक्रावूनच गेले. "उतराई? भाऊ, मी कधीच पैसा देयेल नही. घाटवर कोनी पिंजारी, कुंभार, न्हावी पैसा देत नही. जो तो आपलं काम करी देस." नदीकाठची रीतच ती. कुंभार मडकी द्यायचा, न्हावी डोई करायचा, चाचा वर्षातून एकदा घाटावरच्या गाद्या-रजया पिंजून द्यायचे आणि वर्षभर नदी ओलांडायचे. आख्ख्या तालुक्याला माहीत असलेली गोष्ट फक्त दावा लिहिणाऱ्याला माहीत नव्हती!

एव्हाना वर्षाची मुदतही उलटून गेली होती. नवा दावा लावायची सोय नाही. अण्णांनी दाव्याचा कागद मिटून ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "गोविंदा, एक हात ठेकेदाराने मोडला. दुसरा तू मोडलास."

त्या दिवशी मी जेवलो नाही. जज्जसाहेबांनी दुरुस्ती करू दिली, पण अट घातली : अशी रीत खरोखर आहे आणि चाचा त्या रीतीने नावेत बसत होते, हे पुराव्याने शाबीत करा. रीतीचा पुरावा काय आणणार? रीत कागदावर असती तर ती रीत कशाला राहिली असती?

* * *

दुसऱ्याच दिवशी मी घाटावर गेलो. एकच माणूस सांगू शकत होता, तो म्हणजे झिपरू नावाडी. त्याची रजईसुद्धा चाचांनीच पिंजलेली. मी त्याला साक्षीला ये म्हणून हात जोडले.

झिपरू दोर गुंडाळत राहिला. वर काठावर कडुनिंबाखाली ठेकेदार बसला होता, आमच्याकडेच बघत. बसला होता खरा, पण धड बसवत नव्हतं. मिनिटामिनिटाला कूस बदलत होता, कमरेला हात लावत होता.

झिपरू मान वर न करता म्हणाला, "माले इचारू नको भाऊ. मन्हा पोटवर पाय येई. मालकलेच इचार."

"त्याला काय विचारू? तो तर साफ नाकारतोय!"

"हात-बीतनं काहीच इचारू नको. तो कस्यावर बठस, इतलंच इचार," झिपरू म्हणाला आणि नाव ढकलून पाण्यात निघून गेला.

मला वाटलं, भीतीने याचं डोकं फिरलं. परत येऊन मी चिडूनच अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा पान लावत होते. त्यांनी पान तसंच तबकात ठेवलं आणि ते इतके हसले, इतके हसले की मला त्यांचा रागच आला. केस बुडत होती आणि यांना हसू सुचत होतं!

* * *

ठेकेदाराच्या जबाबाचा दिवस. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मा घाट उठून आला होता. चाचा मागच्या बाकावर, वाकडा हात उपरण्यात झाकून बसले होते. ठेकेदार जरीचा फेटा बांधून पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या वकिलाने त्याला पढवून पढवून पक्का केला होता. रहीम उतारू नव्हता, नावेत कधी बसला नाही, हाताचं माहीत नाही. तीन वाक्यं, घोटून घेतलेली.

अण्णा उलटतपासाला उठले. हाताचं नाव नाही, नावेचं नाव नाही.

"शेटजी, घाटावर तुम्ही दिवसभर कशावर बसता हो?"

ठेकेदाराचा वकील गोंधळून बघायला लागला. यात हरकत घ्यावी असं त्याला काही सापडेना.

"गादीवर!" ठेकेदार म्हणाला. "मी ठेकेदार शे. गोनीवर बसू का?"

"गादी जुनी असेल नाही? बाजारातून आणलेली?"

"जुनी कसानी! दर सालले पिंजाई लेस मी. आख्खा घाटवर अशी गादी नही."

"वा! मग पिंजायला बराच खर्च येत असेल. तुमच्यासारखा मोठा माणूस, सढळ हाताने देत असणार."

ठेकेदाराने कोर्टभर नजर फिरवली. पैशाच्या बाबतीत कुणी आपल्याला फसवतो असं घाटाच्या लोकांपुढे ऐकून घेणं त्याला शक्य नव्हतं.

"एक दमडी देत नही!" तो गरजला. "काब्र देऊ? रहीम वरीसभर मन्ही नावमा बठस आनि गादी पिंजी देस. झिपरूनी रजई, मन्ही गादी. मन्हा बापना येळपाईन घाटना रिवाज शे हाऊ!"

त्याच्या वकिलाने डोळे मिटले. अण्णांनी नुसती मान डोलावली.

"मग यंदाही छान पिंजून घेतली असेल?"

"कसानी छान!" ठेकेदाराचा वर्षभराचा संताप एकदम बाहेर पडला. त्याने कमरेवर हात ठेवला. "ढेकळं व्हई गयात तिना! कंबर धरी लेस मन्ही. मन्ही नावमा रहीमना हात चेंदाई गया, तैपाईन कोन पिंजी ती?"

कोर्टात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर चाचा उठून उभे राहिले होते.

जज्जसाहेबांनी शिरस्तेदाराला सगळा जबाब पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. ठेकेदाराने तो मान हलवत ऐकला. लिहिलंय ते बरोबर आहे का, असं साहेबांनी विचारलं.

"एकदम बरोबर!" ठेकेदार म्हणाला, आणि उजव्या हाताने टाक घेऊन त्याने खाली झोकात सही केली.